रेडिओ लावायची रीत

किसनराव पाटलांचा रेडिओ लागायचा म्हणजे एक सोहळाच असायचा, आणि इतक्या वर्षांत तो सोहळा चतुराबाईनं एकदाही डोळ्यांनी पाहिला नव्हता.

रेडिओ ओसरीवर, आणि पाटलाच्या घरची बाई चार माणसं बसली असताना ओसरीवर येत नाही. ही रीत कुणी घातली, कशासाठी घातली, हे विचारायची सोय नव्हती. ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये एक जाड सागवानी दार होतं. दाराच्या अलीकडे चूल, उतरंड आणि बाया. पलीकडे पुरुष, आणि पुरुषांच्याच बाजूला नागपूर, दिल्ली नि साऱ्या दुनियेच्या बातम्या. दिवस कलला की चतुराबाई सूप घेऊन त्या दाराशी बसायची आणि डाळ निवडता निवडता कान पलीकडे लावायची. कानांना कुणी मनाई केली नव्हती.

म्हणून रेडिओ कसा लावतात ते तिला आवाजांवरून ठाऊक होतं. आधी लोखंडावर कानस फिरवल्याची खरखर. मग नवऱ्याचं पुटपुटणं, देवाचं नाव घ्यावं तसं, रोज तेच. मग पायरीशी पाणी ओतल्याचा घटघटाट. उन्हाळ्यात तो जास्त वेळ चालायचा. मग दाराची कडी खडकायची. ही कडी रेडिओची नव्हे, आपल्यासाठी, असं ती धरून चालली होती: आता आत भांडी वाजवू नका, असा पाटलांचा इशारा. कडी निघाली की ओसरीवरच्या माणसांची नजर आत पडू नये म्हणून ती पदर ओढून झटकन चुलीकडे सरकायची. तेवढ्यात पलीकडे खट्ट व्हायचं, घूंऽऽ असा भुंग्यासारखा आवाज सुरू व्हायचा, नाहीच झाला तर किसनराव रेडिओच्या कुशीत एक चापट हाणायचे, आणि जरा वेळानं कुणी शहरी माणूस बोलायला लागायचा. चतुराबाई परत दाराशी येई तेव्हा दार चार बोटं उघडंच असायचं. ओढून घ्यायला विसरतात, म्हणायची ती, आणि त्या विसरभोळेपणाचे मनातल्या मनात आभार मानायची. फटीतून शब्द न शब्द स्वच्छ ऐकू येई.

फाल्गुनात किसनरावांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुळातच माणूस मोजकं बोलणारा. आता तेही संपलं. डावा हात थोडा हलायचा आणि घशातून नुसतं 'ऊं' निघायचं. अकोल्याहून डॉक्टर येऊन गेले. औषध आपलं काम करील, पण पोटात काही गेलं पाहिजे आणि माणसानं जगायचं मनावर घेतलं पाहिजे, असं ते धाकट्या भावाला, चंद्रभानला, सांगून गेले. किसनराव मनावर घेत नव्हते. चमचा ओठाला लागला की तोंड फिरवायचे. वैशाख लागेपर्यंत गालांच्या वाट्या झाल्या होत्या, आणि चतुराबाईला घास भरवायला बसायचीच धास्ती वाटू लागली होती.

अशात मैनाचा निरोप आला. मैना म्हणजे त्यांची एकुलती लेक. अमरावतीच्या दवाखान्यात नर्सचं शिकत होती. तिला धाडलं तेव्हा भाऊबंदांनी काय थयथयाट केला होता! पाटलाची पोर परक्या लोकांची घाण काढणार काय, असं तोंडावर विचारलं होतं. किसनरावांनी कुणाला उत्तर दिलं नाही. दमणीला बैल जुंपले आणि पोरीची ट्रंक स्वतः स्टेशनावर पोचवून आले. त्या मैनाचं आता नागपूर केंद्रावर भाषण होतं, गावकऱ्यांच्या कार्यक्रमात, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत, बाजारभाव सांगून झाले की लगेच.

चतुराबाईनं ही खबर नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितली. किसनरावांनी मान वळवून दारापलीकडच्या रेडिओच्या दिशेनं पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला त्या डोळ्यांत आपला माणूस दिसला. तिथंच तिनं मनाशी गाठ मारली. हा आवाज यांच्या कानी पडला तर हे उठतील. नाही पडला, तर पुढचं ती स्वतःशीसुद्धा बोलायला तयार नव्हती. रेडिओवरचं बोलणं एकदा गेलं की गेलं. ते काही उरलेल्या भाजीसारखं पुन्हा चुलीवर ठेवता येत नाही.

गावात वीज नव्हती. रेडिओ चालायचा मोटारीला असते तसल्या बॅटरीवर, आणि ती चार्ज करून आणायची अकोल्याहून. हे काम देवमनगुरुजींनी अंगावर घेतलं. गुरुजी गावच्या शाळेवर होते. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर ते एक दिवस बातम्या ऐकायला आले आणि पायरीखाली उभे न राहता सरळ वर येऊन बसले होते. चारचौघांच्या भुवया चढल्या. किसनरावांनी सतरंजीचं टोक तेवढं गुरुजींच्या बाजूला सारलं. ती गोष्ट गुरुजी विसरले नव्हते. शुक्रवारी दुपारी ती बॅटरी मांडीवर घेऊन ते बसमधून उतरले तेव्हा आतलं तेजाबाचं पाणी सांडून पायजम्याची चाळणी झाली होती.

ऊन उतरलं तशी माणसं जमली. किसनरावांची खाट माजघरातून रेडिओसमोर आणून ठेवली, पाठीशी लोड दिला. चतुराबाई आपल्या नेहमीच्या जागी, दारामागे. सूप मांडीवर होतं, पण डाळीवर हात चालत नव्हता.

पलीकडे चंद्रभान रेडिओपुढे बसला होता. माणूस वाईट नव्हता. भावाच्या वस्तूला आपल्या हातून काही होऊ नये म्हणून त्याला घाम फुटला होता, आणि घाम फुटला की तो मोठ्यानं बोलायचा. बॅटरीला दोन खुंट्या, रेडिओतून आलेल्या दोन तारा. कोणती कशाला, हे किसनरावांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाला हातच लावू दिला नव्हता. तारा उलट्या लागल्या तर डबा जागच्या जागी जळतो, असं अकोल्याच्या दुकानदारानं बजावल्याचं गुरुजी सांगत होते. चंद्रभान म्हणाला की काही तरी लावल्याशिवाय तर वाजणार नाही; डावी डावीकडे लावू, उजवी उजवीकडे.

कानस वाजली नव्हती. ते पुटपुटणंही झालं नव्हतं. दिवस सरकत होता, आणि तिकडे नागपुरात मैना कुठल्याशा खोलीत बसून आपली पाळी येण्याची वाट पाहत असेल. ती उठली, दार ढकललं आणि ओसरीवर आली. येताना चौकटीला लटकवलेल्या लसणाच्या जुड्या डोक्याला घासल्या. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"थांबा भाऊजी," ती म्हणाली. "गाठीची तार जाड्याले लागते. बिनगाठीची बारक्याले."

हेच ते पुटपुटणं होतं. कशाची गाठ, कोण जाडा, कोण बारका, हे तिला आजवर माहीत नव्हतं. आता ती पाहत होती: एका तारेच्या टोकाशी सुताची बारीक गाठ मारलेली होती, आणि बॅटरीची एक खुंटी दुसरीहून अंगानं भरलेली होती. चंद्रभाननं गाठीची तार बारीक खुंटीशी नेलेली होती. त्याचा हात तसाच राहिला.

"तुमाले काहून माहीत, वयनी? तुमी तं कधी पाह्यलं बी नाई."

"पाह्यलं नाई. आयकलं."

तिनं किसनरावांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून उघडले, आणि चंद्रभान मुकाट्यानं बाजूला सरकला. तिनं कानस उचलली, खुंट्यांवरचा हिरवट थर खरवडला, तारा लावल्या. कान सांगत होते की हीच ती खरखर. मग पाणी. रेडिओची अर्थिंगची तार पायरीशी पुरलेल्या पहारेला बांधलेली होती, आणि वैशाखात काळी जमीन अशी फाटते की पहारेला ओल कुठून मिळणार? तिनं लोटा नाही, सबंध घागर ओतली. भेगांनी ती गटागटा पिऊन टाकली. मग तिनं बटण फिरवलं. खट्ट झालं.

घूं झालं नाही.

आता चापट मारायची, हे तिला ठाऊक होतं. पण गावासमोर, नवऱ्यासमोर, नवऱ्याच्या रेडिओला? तिनं आधी बिचकत थोपटल्यासारखं केलं. काही नाही. मग ओठ आवळले आणि हात उगारून एक सणसणीत ठेवून दिली. कुणीतरी 'अरे बापा' म्हणालं, आणि त्याच क्षणी डब्यातला भुंगा जागा झाला. घूंऽऽ. किसनरावांच्या तोंडाची डावी बाजू किंचित हलली.

सगळे वाट पाहत राहिले. रेडिओ तापला, पुढची काच पिवळी झाली, खरखर आली. नुसती खरखर. चुलीत ओली लाकडं तडतडावी तशी. माणसाचा आवाज कुठंच नव्हता. चंद्रभाननं काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, पुन्हा होता तिथं आणला, सगळीकडे तेच. गुरुजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बाजारभाव सुरू झाले असतील, असं हळूच म्हणाले.

सगळं तर केलं होतं. कानस, गाठ, पाणी, खट्ट, चापट. काय राहिलं?

तेवढ्यात किसनरावांनी डावा हात उचलला. "ऊं," ते म्हणाले. हात माजघराच्या दाराकडे गेला, तिथं थरथरत थांबला. पुन्हा "ऊं". आधी चतुराबाईकडे बघत, मग दाराकडे.

ओसरीवर एकालाही शंका आली नाही. बायकोला दार दाखवणाऱ्या पाटलाच्या हाताचा दुसरा काय अर्थ होणार? चंद्रभाननं खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "भाऊ म्हणून रायले, वयनीनं आता आत जावं."

तिची कानशिलं तापली. महिनोन्महिने याच माणसाचं अंग पुसलं, कूस वळवली, त्याच्यासाठी आज चारचौघांत उभी राहिले, आणि याला अजून ओसरीची अब्रू सुचते! इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता.

"मी नाई जात," ती म्हणाली. नवऱ्याच्या तोंडावर तिनं पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. "लेक माही बोलून रायली. मी इथंच बसीन."

किसनरावांनी हात खाटेच्या माचव्यावर आपटला. एकदा, दोनदा. मान नकारार्थी हलवायचा प्रयत्न केला, ती नुसती एका बाजूला कलंडली. चेहरा लालबुंद झाला, छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. मग त्यांनी हात सोडून दिला आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं.

ते पाणी पाहून चतुराबाईचा राग कुठल्या कुठे गेला आणि जागी नुसती भीती उरली. अशात काही बरंवाईट झालं तर? या जिवापेक्षा ओसरी मोठी नाही, असं म्हणून ती उठली. कुणाकडे न बघता माजघरात गेली. तिच्यामागे चंद्रभाननं दार ओढून घेतलं, आणि बाहेरून कडी खडकली.

कडी.

अंधारात ती जागच्या जागी उभी राहिली. डोकं चालत नव्हतं, पण कानांना सवय होती, ते आपणहून मोजत गेले. खरखर, पुटपुट, पाणी, कडी. मग खट्ट. रोज याच क्रमानं; पाण्यानंतर, खट्टच्या आधी. आपल्याला गप्प करायचं तर एक हाक पुरे होती. जो माणूस एक शब्द वाया घालवत नाही, तो सगळी ओसरी ओलांडून रोज या दारापर्यंत कशासाठी येत होता? दार उघडून आत हात घालून तो काय नेत होता?

तिनं वर पाहिलं. चौकटीच्या आतल्या अंगाला खिळा, खिळ्यावर लसणाच्या जुड्या. चैत्रात नवा लसूण आला तेव्हा तिनंच त्या तिथं बांधल्या होत्या. आढ्यावरून उतरलेली एक तार रिकामी लोंबकळत होती, म्हटलं कामी येईल. ती तार म्हणजे रेडिओची एरियल. छपरावरच्या दोन बांबूंमधून आलेली, आढ्यावरून फिरून या खिळ्याशी उतरलेली, टोकाला पितळेची छोटी पिन असलेली. पावसापाण्यात वीज पडेल म्हणून रेडिओपासून लांब इथं अडकवून ठेवायची, आणि लावायच्या वेळी न्यायची. रेडिओ लागला की चौकटीच्या वरच्या अंधारातून ती पलीकडे गेलेली असते, हे चतुराबाईला कधी दिसलंच नव्हतं. आजारी माणूस दाराकडे नाही, या तारेकडे बोट दाखवत होता.

तिनं हिसका मारला. लसणाचे कांदे घरभर घरंगळले. "दार उघडा," ती आतून ओरडली, आणि दोन्ही हातांनी फळ्या ठोकू लागली. कडी निघाली. चंद्रभान काही विचारायच्या आत ती त्याला ओलांडून, तार ओढत रेडिओपाशी पोचली होती. डब्याच्या मागे एक रिकामं भोक होतं. गुरुजींनी दिवा धरावा तसं त्यावर बोट धरलं. तिनं पिन आत घातली.

"...इळ्यानं नोका कापू," रेडिओ म्हणाला.

मैनाच होती. आवाज बारीक, खरखरीत बुडणारा, पुन्हा वर येणारा, पण मैनाच.

"बायांनो, नवं पातं घ्या. पाण्यात टाका, खदखदा उकयू द्या. मंग त्यानं लेकराची नाळ कापा. घरी हाये म्हणून इळा घेता, अन् लेकरू हप्त्यात ताठते, दूध तोडते. मंग देवाचा कोप म्हणता. देवाचा नाई, इळ्याचा हाये. माह्या मायचा पयला लेक असाच गेला. माह्या मायनं काई चूक नाई केली. तिले कोनं सांगतलंच नवतं."

ओसरीवरची माणसं सतरंजीची नक्षी बघत बसली. बाळंतपण, नाळ, असले शब्द त्या ओसरीनं ऐकले नव्हते, आणि आता ते पाटलाच्याच लेकीच्या तोंडून, नागपूरहून येत होते. चतुराबाईनं तोंडावर पदर धरला. त्या लेकराचं नाव ठेवायच्या आतच ते गेलं होतं. आपल्याच पायगुणानं गेलं, असं सासूनं म्हटलेलं तिनं खरं मानलं होतं, आणि आजवर उरात बाळगलं होतं. लेकीनं ते साऱ्या वऱ्हाडासमोर काढून टाकलं. ती रडली, लपवायचं तिला सुचलं नाही.

भाषण संपलं. निवेदकानं मैनाचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. किसनरावांचे डोळे सताड उघडे होते.

माणसं हळूहळू उठून गेली. गुरुजी जाताना खाटेपाशी थांबले, किसनरावांचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि पायऱ्या उतरले. चंद्रभान तारेकडे बघत होता. माजघरातून आलेली ती तार दाराच्या फळ्यांमधून गेली होती, आणि तिच्यापायी दार लागत नव्हतं. चार बोटं उघडंच राहत होतं. तो कुरकुरला की रेडिओ बसवायला आलेला मिस्त्री तेव्हाच म्हणत होता, छपराच्या कवेलूवरून तार सरळ ओसरीत उतरवू. हा माजघरातून वळसा कशाला? पण भाऊनं ऐकलंच नाही. उद्या सरळ करून टाकू, दार नीट लागेल, असं म्हणून तोही गेला.

चतुराबाईला ते भांडण आठवलं. दारामागून तिनं तेही ऐकलंच होतं. सरळ घ्या, मिस्त्री म्हणत होता. आणि किसनराव एकच म्हणत होते, नाही, आतून आणा. तेव्हा तिला वाटलं होतं, पाटलाचा हेका.

ती खाटेच्या काठावर बसली. ओसरीवर, उघड्यावर, पहिल्यांदाच.

"अवो," तिनं विचारलं, "तार आतून आणली, तं दार लागत नाई. ते माह्यासाठीच केलं होतं काय?"

किसनरावांनी डावा हात उचलला. या वेळी तो दाराकडे गेला नाही. हळूहळू तिच्याकडे आला, आणि तिच्या कानाला लागून थांबला.

मग ती उठली, आत जाऊन ज्वारीच्या कण्या ताकात कालवून वाटी घेऊन आली आणि चमचा पुढे केला. किसनरावांनी तोंड उघडलं.